दारावर गेल्यावर

राम राम मंडळी! मी मूळची नवापूर तालुक्यातली, ख्रिस्ती घरातली, आता धुळ्यात राहते आणि आमचा शेजार सगळा बौद्ध, त्यामुळे रविवारी चर्च अन् बुद्धपौर्णिमेला विहारात खीर असं कितीतरी वर्षं चालूय. लोक विचारतात, ताई तुम्ही नेमक्या कुणाच्या?

दोन आयांची गोष्ट सांगते. किसा गोतमीचं लेकरू गेलं, ती ते कडेवर घेऊन औषध मागत फिरत होती, बुद्ध म्हणाले चिमूटभर मोहरी आण, फक्त ज्या घरात कुणी मेलेलं नाही त्या घरातली. आता मोहरी काय, सगळ्यांच्याच घरात होती, पण कुणाचा बाप गेलेला, कुणाचं पोर. फिरता फिरता तिला उमगलं. दुसरी नाईन गावची विधवा, बायबलात लूकच्या सातव्या अध्यायात आहे, एकुलत्या एक मुलाची तिरडी वेशीतून निघालीय, येशूला तिचा कळवळा आला, म्हणाला रडू नको, तिरडीला हात लावला आणि पोरगा उठून बसला.

ह्या दोन गोष्टी एक नाहीत हो. सगळे धर्म सारखेच म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. धम्मपद म्हणतं, 'अत्ता हि अत्तनो नाथो', आपणच आपले धनी, आणि चर्चमध्ये शिकवतात की तारण कृपेने मिळतं, स्वतःच्या कमाईने नाही. हा फरक मिटवायची मला गरजच वाटत नाही.

मागे एक तरुण पोरगा वारला, त्याच्या घरी दारावर, म्हणजे सांत्वनाला, गेले होते. बायका ओट्यावर बसलेल्या, चहा तसाच गार झालेला, आणि त्याची माय एकच विचारत होती, माझ्याच घरी का? तिला 'देवाची मर्जी' म्हणायला माझी जीभच रेटेना. तेवढ्यात शेजारच्या म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवून स्वतःचा गेलेला मुलगा सांगितला, मग दुसरीने तिचा. मला किसा गोतमी आठवली. आणि मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरीपाशी येशूही रडला होता, त्याला उठवणार हे माहीत असून रडला, म्हणून मीही तिच्याजवळ बसून रडले, काही बोलले नाही.

रात्री मी आधी श्वास बघत बसते, इगतपुरीला धम्मगिरीच्या विपश्यना शिबिरात शिकले तो आनापान, मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. मैत्रीभावनेत वैऱ्याचंही भलं चिंतायचं असतं, येशूनेही डोंगरावरच्या प्रवचनात तेच मागितलंय, तर नळाच्या पाण्यावरून जिच्याशी बोलणं बंद आहे तिचं नाव घ्यावंच लागतं आणि तिथे श्वास अडकतो, खरंच अडकतो.

पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील यावर, माझा विश्वास आहे, तो मी सोडलेला नाही. पण त्या माउलीला त्या दिवशी ते सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात परत जाणारे तिच्याकडे, तिने विचारलं तर सांगेन. जय ख्रिस्त, जय भीम.