तीन सायरन, एक रिले

[दृश्य : नाना पेठ, पुणे. सकाळ. सुट्या भागांची दुकानं, रस्त्यावर अर्ध्या उघड्या बॉनेटच्या गाड्या.]

पुण्यात गाडीचा सुटा भाग शोधत फिरणारा माणूस फिरून फिरून नाना पेठेतच येतो. बेअरिंग, क्लच प्लेट, आरसे, हॉर्न, सगळं एका हाकेच्या अंतरावर. ह्याच गर्दीत एका गल्लीच्या तोंडाशी ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर आणि एक बाक. खरं काम बाहेर, रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीत डोकं खुपसून चालतं.

आज आलेली गाडी टुरिस्ट परमिटची आहे. मालकांना सोसायटीत पार्किंग नाही, म्हणून रात्री गाडी रस्त्यावर. आणि झोपायची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर. अलार्म आहे, तो वाजतोही. ह्यांना तेवढा ऐकू येत नाही. म्हणून मागणी साधी आहे : आणखी दोन सायरन लावा.

"लावतो की काका," मिस्त्री म्हणतो. "पण त्याच वायरीला नाही जोडणार."

[दृश्य : डॅशबोर्डखाली हात. काळ्या टेपमधून बाहेर आलेला वायरींचा झुपका.]

डॅशबोर्डखाली अलार्मचा डबा असतो. त्यातून एक वायर बॉनेटमधल्या सायरनकडे जाते. वीस वॅटचा सायरन बारा व्होल्टवर साधारण पावणेदोन अँपिअर करंट खेचतो. असे तीन सायरन म्हणजे पाच अँपिअर. डब्यात करंट चालू-बंद करणारा जो ट्रान्झिस्टर किंवा इवलासा रिले असतो, त्याची ताकद बहुतेक वेळा एकाच सायरनपुरती असते. तिन्ही त्याच वायरीवर टांगले तर पहिल्या दिवशी वाजतील, कदाचित महिनाभरही वाजतील. मग एक दिवस डबा तापून बसतो. सेंट्रल लॉकिंग त्याच डब्यातून चालत असेल तर दरवाजेही रुसतात.

ह्यावरचा उपाय मिस्त्रीच्या तळहातावर आहे.

[दृश्य : तळहातावर काळा चौकोनी ठोकळा. कॅमेरा खालच्या पायांवर.]

हा रिले. इंचभर लांबीरुंदीचा ठोकळा, खाली पितळी पाय. पायांशेजारी इतक्या बारीक अक्षरात आकडे कोरलेत की मिस्त्रीसुद्धा चष्मा कपाळावरून खाली घेतो : ३०, ८५, ८६, ८७. पाचवा पाय असलाच तर ८७ए. हे आकडे जर्मन मानकातून आले आणि जगभरच्या गाड्यांमध्ये रुजले.

८५ आणि ८६ च्या मध्ये तांब्याच्या बारीक तारेची कॉइल. तिचा रोध ८५ ओहमच्या आसपास, म्हणजे बारा व्होल्टवर तिला जेमतेम १४० मिलिअँपिअर करंट लागतो. तेवढ्यावर तिचं चुंबक होतं, आतली पत्ती खेचली जाते, आणि ३० व ८७ एकमेकांना भिडतात. त्या जोडातून तीस-चाळीस अँपिअर जाऊ शकतात. मामलेदारानं सही करायची आणि पोती हमालानं उचलायची, असला हा व्यवहार. अलार्मच्या डब्यानं फक्त सही करायची.

[दृश्य : तारायंत्राची जुनी चित्रं.]

युक्ती मोटारीहून कितीतरी जुनी आहे. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टनला ती करून दाखवली. लांबच लांब तारेतून येताना करंट क्षीण होतो. मग त्याच्याकडून जड काम करून घ्यायचंच कशाला? त्यानं पलीकडे नुसता एक जोड मिटवावा, आणि काम तिथल्याच ताज्या बॅटरीनं करावं. २४ मे १८४४ ला वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला मोर्सचा संदेश गेला. त्यांच्या तारायंत्रातही रिले होता.

[दृश्य : जुन्या सायरनच्या दोन वायरी बॅटरीला टेकवल्या जातात. कर्कश आवाज. शेजारचा चहावाला कानावर हात ठेवतो.]

जोडणीआधी ही एक चाचणी. सायरन थेट बॅटरीला लावला आणि तो बोंबलला, म्हणजे आवाज तयार करणारं सर्किट त्याच्या पोटातच आहे. डबा फक्त बारा व्होल्ट पाठवतो. अशा ठिकाणी रिले चालतो. नुसतं 'टक्' झालं, तर तो साधा स्पीकर आहे आणि सूर डब्यातून येतो. तिथं रिले लावलात तर ह्या नव्या सायरनांना धड करंट मिळणार नाही, पत्ती नुसती थरथरत बसेल. निम्मी बिघडलेली कामं ही चाचणी न करता सुरू केलेली असतात, असं मला इथं दोन तास उभं राहून वाटलं.

हा सायरन बोंबलला. काम सुरू.

जुना सायरन आपल्या जागी, आपल्या वायरीवरच राहतो. त्याच वायरीला फाटा मारून तो ८६ ला. ८५ बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून नवी वायर निघते, दीड स्क्वेअर एमएमची, ती ३० ला. आणि ८७ वरून दोन्ही नव्या सायरनांना. काही अलार्म पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह सोडतात. तिथं ८६ ला फ्यूजमधून बॅटरी द्यायची आणि अलार्मची वायर ८५ ला.

[दृश्य : सोल्डरिंगचा धूर. कॉइलच्या दोन पायांवर छोटा काळा डायोड. त्यावरचा रुपेरी पट्टा.]

हा डायोड १एन४००७, करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, मूठभर घेतले तरी खिशाला कळत नाही. पण काम मोठं करतो. कॉइलचा करंट तोडला की तिच्यातलं चुंबकत्व कोसळतं आणि क्षणभर उलटा, शेकडो व्होल्टपर्यंत जाऊ शकणारा झटका उठतो. तो सरळ अलार्मच्या डब्यात शिरतो. ज्याला वाचवायला रिले आणला, त्यालाच रिलेनं मारायचं! डायोड तो झटका कॉइलमध्येच फिरवून जिरवतो. रुपेरी पट्टा पॉझिटिव्हकडे, म्हणजे इथं ८६ कडे. उलटा लावलात तर अलार्म वाजताक्षणी शॉर्ट.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. काका विचारतात, सायरनजवळ लावला तर काय बिघडलं? मिस्त्री मान वर न करता सांगतो, "काका, फ्यूज सायरनसाठी नसतो. वायरीसाठी असतो." वायर वाटेत कुठं पत्र्यावर घासून शॉर्ट झाली, तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला फ्यूज वाचवू शकत नाही. तो जितका आखूड तितकं बरं. दोन सायरनांचे साडेतीन अँपिअर, म्हणून साडेसात अँपिअरचा तपकिरी फ्यूज.

अर्थसाठी बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून पत्रा चकचकीत केला जातो, मग त्यावर थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी. सायरन चिरका वाजला की लोक सायरन बदलतात. बऱ्याचदा रोग ह्या बोल्टखाली असतो.

[दृश्य : सायरनच्या जागी इंडिकेटरचा बल्ब. रिमोट. 'टिक्'. बल्ब पेटतो.]

आणि ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. जोडणी तपासताना नवे सायरन लावलेलेच नाहीत, जुनाही काढून ठेवलाय. त्या जागी इंडिकेटरचे एकवीस वॅटचे बल्ब. करंट जवळपास सायरनइतकाच, आवाज शून्य. गल्लीची दुपारची झोप शाबूत.

आता सायरन कुठं बसवायचे. एक मागे, डिकीच्या बाजूला, तोंड खाली करून, म्हणजे भोंग्यात पाणी साचत नाही. दुसरा आत, केबिनमध्ये, सीटखाली. माझ्या मते खरा उपयोगी हाच. रस्त्यावरच्या अलार्मला आपण सगळे सरावलोय, कुणी खिडकीसुद्धा उघडत नाही. पण काचा बंद असलेल्या गाडीत कानाशी एकशेदहा डेसिबल सुरू झाले की चोराला आत बसून तारा जुळवत राहणं कठीण. गाडी जागेवर रोखायचं काम मात्र इमोबिलायझरचं, म्हणजे इंजिन सुरूच होऊ न देणाऱ्या यंत्राचं. सायरन फक्त ओरडतो.

काकांची आणखी एक फर्माईश निघते : "एक बटण पण दे ना स्टिअरिंगपाशी. ट्रॅफिकमध्ये..."

"नाही," मिस्त्री हसतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ११९. सूर बदलणारे हॉर्न आणि कर्कश, दचकवणारी ध्वनियंत्रं गाडीला बसवायला मनाई आहे. मोकळीक रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशांना. उभ्या गाडीचं रक्षण वेगळं, चालत्या गाडीतून लोकांना हाकलणं वेगळं.

एक भानगड मात्र शिल्लक आहे. गाडी लॉक केली की सायरन 'टुक' करतो, उघडली की 'टुक टुक'. आता ते तीन तोंडांनी. एअरपोर्टचं भाडं सोडून रात्री दीडला परतलेल्या काकांना शेजारी काय म्हणतील, हे इथं सांगायला नको. मग साध्या रिलेच्या जागी टायमर रिले लागतो. अलार्मकडून येणारा ट्रिगर सलग दोन सेकंद राहिला तरच तो पत्ती खेचतो. लॉकची 'टुक' त्याआधीच संपते, आणि ती जुना सायरन एकटा करतो.

"तोच लावा," काका म्हणतात.

[दृश्य : बॉनेट लागतं. मिस्त्री जास्तीचे दोन तपकिरी फ्यूज काकांच्या हातावर ठेवतो.]

"काका, गाडी सर्व्हिसिंगला टाकाल ना, तेव्हा त्यांना आधी सांगा ही वायर आपण ओढलीय. नाहीतर बाहेरची म्हणून काढून टाकतील."