पाहुण्याचं शहर, भाडेकरूचं शहर

नमस्कार. मागे बसलेल्यांनी पुढे यायला हरकत नाही, मी प्रश्न विचारणार नाही. प्रश्न तुम्हीच विचारायचे आहेत, शेवटी.

महिन्यातून दोनदा तरी मला कुणाचा तरी फोन येतो. "अहो, दक्षिण युरोप करायचाय. रोम घेऊ की बार्सिलोना?" आणि हल्ली दुसराही एक फोन येतो, त्यात आवाज जरा खालच्या पट्टीत असतो. "मुलाला लिस्बनला नोकरी लागतेय. राहायला कसं आहे हो?" या दोन प्रश्नांचं उत्तर एकच असेल असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. ज्या गोष्टीसाठी पाहुणा एखाद्या शहरावर जीव टाकतो, बहुतेक वेळा तीच गोष्ट तिथल्या भाडेकरूच्या जिवावर येते. आज मी शहरांचं कौतुक करीन, पण भाडेकरूच्या नजरेने.

लिस्बनपासून सुरुवात करते, कारण तिथे मी चार वर्षं काढली. तुम्ही फोटो पाहिलेत: टेकड्या, पिवळी ट्राम, निळ्या-पांढऱ्या फरश्या मढवलेल्या भिंती. माझं घर अल्फामात होतं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. अल्फामा म्हणजे बोळ आणि पायऱ्या. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लिस्बनला भूकंप झाला. सगळ्या संतांचा सण होता, चर्चमध्ये मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. धरणीकंपामागून समुद्र आत आला आणि वर आग लागली. खालचा सपाट भाग, बायशा, पार गेला. राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने तो पुन्हा उभा केला तो सरळ, काटकोनी रस्ते आखून. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा बसवला, म्हणजे पुढच्या धक्क्याला घर डोलेल पण पडणार नाही. त्या पिंजऱ्याची परीक्षा घ्यायला त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं सांगतात. अल्फामा मात्र बराचसा वाचला. म्हणून त्याचे बोळ जुने, म्हणून ते सुंदर, आणि म्हणूनच गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस माझ्या दारात येऊन आधी पाच मिनिटं नुसता उभा राहायचा.

तिथल्या पदपथांवर चुनखडीचे छोटे छोटे दगड बसवलेले असतात, पांढऱ्यात काळी नक्षी. हाताने ठोकून बसवतात. काम बघत राहावं असं. पण वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते दगड साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झालेत. पहिल्या पावसात मी दुधाच्या पिशवीसकट उतारावरून खाली गेले. वरच्या खिडकीतल्या आजीबाई म्हणाल्या ते मला तेव्हा कळलं नाही. वर्षभराने कळलं: इथे पावसात चामड्याचे बूट घालत नसतात, पोरी.

आता ओल. पोर्तुगालचं हवामान सौम्य, असं सगळे सांगतात. खरं आहे, घराबाहेर. जुन्या घरांना भिंत गरम ठेवायची काही सोयच नसते. जानेवारीत बाहेर चौदा अंश आणि ऊन. आत शिरलात की कोट काढायचा नाही, उलट आणखी एक चढवायचा. नोव्हेंबरात कपाट भिंतीपासून सरकवलं तर मागे काळ्या बुरशीचा नकाशा. आईने दिलेली इरकल नेसायला काढली, पदरावर हिरवट ठिपके. घरमालकाला दाखवलं. तो म्हणाला, खिडकी उघडत जा. शेवटी हवेतली ओल शोषणारं यंत्र आणलं. रोज रात्री त्याच्या डब्यातलं दीड-दोन लिटर पाणी ओतून द्यायचं. हे पाणी माझ्या बेडरूमच्या हवेतलं!

आणि भाडं. २०२५ साली पोर्तुगालचं किमान वेतन महिना ८७० युरो होतं, आणि लिस्बनमध्ये एका बेडरूमच्या घराला हजाराच्या वर सहज मोजावे लागत. हे का झालं? सरकारने २०१२ मध्ये घर विकत घेणाऱ्या परदेशी लोकांना निवासाचा परवाना देणारी योजना आणली. घरं घेऊन परवाना मिळवायची वाट २०२३ मध्ये बंद झाली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्यातच पर्यटकांना रात्रीच्या हिशोबाने घरं देणं सुरू झालं. माझ्या बोळात दारांशेजारी आकडे जुळवून उघडायच्या चावीच्या डब्या लटकायला लागल्या. दर डबीमागे एक शेजारी कमी. पहाटे चारला दगडांवरून चाकांच्या बॅगांचा जो खडखडाट चालतो, तो ऐकून मला कळायचं की विमानाची वेळ झाली.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग चार वर्षं राहिलात कशाला? एक म्हणजे बस, ट्राम, मेट्रो, नदीपारची बोट, उपनगरी गाडी, सगळं मिळून महिन्याचा पास ४० युरो. २०१९ पासून. आणि दुसरं म्हणजे भाषा. एकदा दार मागे ओढलं गेलं आणि मी बाहेर. कुलूपवाला आला, मला पोर्तुगीज शब्द आठवेना, वैतागून मी मराठीतच म्हणाले, "चावी आत राहिली." तो म्हणाला, "शाव? आत?" म्हटलं हो. चावी, साबण, पगार, बटाटा, घमेलं, लिलाव: माणसाचा अर्धा संसार यांच्याच भाषेतून आपल्याकडे आलाय. मार्तिम मोनीजच्या चौकाशेजारी बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी दुकानं आहेत. कोथिंबीर, हिंग, तूरडाळ सगळं मिळतं. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर इंतेंदेंत नावाचा चौक आहे, एकेकाळी बदनाम. २०११ मध्ये महापौरांनी आपलं कार्यालयच तिथे हलवलं. ते महापौर म्हणजे आंतोनियु कॉश्ता, पुढे पंतप्रधान झाले, आता युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत. वडील गोव्याचे, मडगावचे. घरचे त्यांना बाबुश म्हणतात.

बार्सिलोना. १८५९ चा, इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याचा शहरवाढीचा आराखडा: ११३ मीटरचे चौकोनी ठोकळे, प्रत्येकाचे चारही कोपरे छाटलेले, म्हणजे चौकात वळायला जागा आणि उजेड. सेर्दाला ठोकळ्यांच्या पोटात बागा हव्या होत्या. बिल्डरांनी त्या गिळल्या. बिल्डर सगळीकडे सारखेच. चालायला याहून चांगलं शहर मी पाहिलेलं नाही. पण १०० चौरस किलोमीटरमध्ये सतरा लाखांच्या आसपास माणसं आणि वर पाहुण्यांचा लोंढा. जुलै २०२४ मध्ये लोकांनी हॉटेलांबाहेर जेवणाऱ्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. पालिकेने जाहीर केलंय की पर्यटकांना दिलेल्या दहा हजारांवर घरांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवायचे. पाहुणे म्हणून जा, पण हॉटेलात उतरा. एवढं त्या शहरासाठी करता येतं.

रोम? पाहायला जा, पुन्हा जा. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ अखंड वाहत असतात. तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं, थेट तोंडात. त्रेवीच्या कारंज्याचं पाणी ज्या जलवाहिनीचं, ती मूळची इ.स.पू. १९ ची. पाण्याच्या बाबतीत रोमन माणसाला तोड नाही. मेट्रोच्या बाबतीत मात्र दोन हजार वर्षांचा इतिहास आडवा येतो: जिथे खणावं तिथे काहीतरी सापडतं, आणि मग फावडं थांबतं, ब्रश येतात. सान जोव्हान्नी स्टेशनात तर सापडलेल्या वस्तू काचेत मांडल्या आहेत. पाहुण्याला हे स्टेशन म्हणजे फुकटचं म्युझियम. रोज ऑफिस गाठणाऱ्याचं काय, ते त्याला बसथांब्यावर विचारा.

आता मी माझ्या लाडक्या शहराकडे येते, आणि ते तुम्हाला पाहताक्षणी आवडणार नाही. अथेन्स. अॅक्रोपोलिसवरून खाली बघा: सिमेंटचा पांढरट पसारा, डोंगराच्या पायथ्यापर्यंत. एका प्रवासात माझ्याबरोबरचे गृहस्थ म्हणाले, "हे तर आपलं डोंबिवली." मी म्हटलं, तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण बरोबर म्हणालात.

१८३४ मध्ये राजधानी झालं तेव्हा अथेन्स एक छोटं गाव होतं. १९२२-२३ मध्ये तुर्कस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले. मग महायुद्ध, यादवी, खेड्यांतून येणारी माणसं. घरं हवीत, आणि बँकेत पैसा नाही. १९२९ च्या कायद्याने इमारतीतला एकेक मजला स्वतंत्रपणे मालकीचा करता यायला लागला होता. त्यावर लोकांनी एक युक्ती काढली, तिला ते आंदिपारोही म्हणतात. तुमचं जुनं घर आणि जागा बिल्डरला द्यायची. तो पाच-सहा मजले चढवतो. त्यातले दोन-तीन फ्लॅट तुम्हाला, बाकीचे तो विकतो. हातात एक दमडी न घेता व्यवहार पुरा. हसताय तुम्ही. हसणारच, तुमच्यातल्या निम्म्यांच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा रविवारी आहे!

या व्यवहारात जुनी देखणी घरं हजारोंनी गेली, ती हळहळ अथेन्सवाल्यांनाही आहे. पण एकाच इमारतीत तळघरात विद्यार्थी किंवा नुकता आलेला परदेशी कामगार, मधे कारकुनाचं कुटुंब आणि सगळ्यात वर गच्चीवाला डॉक्टर, अशी वस्ती झाली. निदान त्या इमारतींत तरी श्रीमंत-गरीब वेगळे राहिले नाहीत. प्रत्येक घराला खोल बाल्कनी, तिच्यावर कापडी छत. मी अथेन्सच्या किप्सेली भागात तीन महिने राहिले. समोरच्या बाल्कनीतल्या बाई माझी वाळत घातलेली चादर उडाली की रस्त्यापलीकडून हाक मारायच्या. आठवड्यातून एकदा आमची गल्ली पहाटेच वाहनांना बंद व्हायची: आठवडी बाजार, लाइकी. टोमॅटो, कलिंगडं, रानभाज्यांच्या जुड्या. दुपारी दोनच्या सुमारास उरलेला माल विकायची घाई. भाव उतरतो आणि आवाज चढतो. मी मुद्दाम पावणेदोनला जायची.

उन्हाळा मात्र भयंकर. जुलै २०२३ मध्ये दुपारी अॅक्रोपोलिस बंद ठेवायची वेळ आली. ऑगस्टमध्ये, पंधरा तारखेच्या सणाच्या आसपास, शहर रिकामं होतं. सगळे आपापल्या बेटावर, आपापल्या गावी. गणपतीत परळ-लालबागचा चाकरमानी कोकणात जावा तसं. दुकानाच्या शटरवर चिठ्ठी: एक सप्टेंबरला उघडू.

वेळ संपत आली, समोरून खूण होतेय. एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: "सासू-सासऱ्यांना न्यायचं आहे, दोघेही शाकाहारी, गुडघे दुखतात. कुठे नेऊ?"

माद्रिद. ऑक्टोबरात. समुद्र नाही, रोमसारखे अवशेष नाहीत, त्यामुळे तिथे कुणी धावपळ करत नाही. प्रादो हे तिथलं मोठं चित्रसंग्रहालय संध्याकाळी सहा ते आठ फुकट असतं, रविवारी पाच ते सात. रांग लागते, पण पुढे सरकते. रोज एकच चित्र बघायचं आणि बाकावर बसायचं. पहिल्या दिवशी वेलास्केसचं 'लास मेनिनास'. दुपारी राइस प्लेटसारखं ठरलेलं जेवण मिळतं, दोन पदार्थ, पाव, गोड आणि पेय. फक्त "भाजी आहे" म्हणाले तरी आत डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना, हे नक्की विचारा. रात्रीचं जेवण बहुतेक ठिकाणी साडेआठ-नऊच्या आधी सुरू होत नाही, तेव्हा पिशवीत खाकरे असू द्या. आणि स्पेनमध्ये घर भाड्याने घेताना एक लक्षात ठेवा, विशेषतः बार्सिलोनाच्या जुन्या इमारतींत: तळमजल्यानंतर एक अर्धमजला, मग 'मुख्य' मजला, आणि त्यानंतर कुठे पहिला सुरू होतो. त्यांचा तिसरा म्हणजे आपला पाचवा. लिफ्ट आहे का, ते पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.