तियाउ नदीच्या अलीकडे

ही जी नदी दिसतेय ना, ती तियाउ. अलीकडे मिझोराममधलं झोखावथार, पलीकडे म्यानमारचं चिन राज्य. 1 फेब्रुवारी 2021 ला तिकडे लष्कराने सत्ता बळकावली, निवडून आलेल्या नेत्या आंग सान सू ची परत कैदेत, आणि महिन्याभरात माणसं मिझोराममध्ये यायला लागली, त्यात आंदोलकांवर गोळ्या झाडायला नकार देऊन पळालेले पोलिसही होते.

मार्चमध्ये केंद्रीय गृहखात्याचं पत्र आलं, घुसखोरी रोखा, निर्वासित दर्जा द्यायचा अधिकार राज्यांना नाही, 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सहीच नाहीये. कागदावर बरोबरच होतं. मणिपूर सरकारने तर आदेशच काढला, छावण्या उघडू नका, जेवणखाण देऊ नका, आलेल्यांना सौजन्याने परत पाठवा. सौजन्याने! बोंबाबोंब झाली तसा तो मागे घेतला. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी मात्र थेट पंतप्रधानांना कळवलं की हे आमचेच भाऊबंद आहेत, आम्हाला हात झटकता येणार नाहीत. तिथल्या चर्चनी, गावकऱ्यांनी घरं उघडली.

दिल्लीचं गणित काय, तर लष्कराशी वाकडं घेतलं की चीनचं फावतं, आणि सीमेपलीकडे लपलेल्या भारतविरोधी बंडखोरांवर कारवाई कोण करणार. यात तथ्य नाही असं नाही. पण 1988 मध्ये हाच भारत उघडपणे म्यानमारमधल्या लोकशाहीवादी आंदोलकांच्या बाजूने होता, नंतर सू चींना नेहरू पुरस्कारही दिला, आणि 2007 च्या सप्टेंबरमध्ये यांगूनच्या रस्त्यांवर लष्करी राजवटीविरोधात हजारो भिक्खू उतरलेले असताना आपल्या मुंबईचे मुरली देवरा, तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री, तेल-गॅसच्या करारांसाठी म्यानमारमध्ये हजर. बरं, एवढं करून गॅस तरी मिळाला का? म्यानमारच्या श्वे गॅसफील्डमध्ये ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या सरकारी कंपन्यांचा हिस्सा आहे, पण पाइपलाइन गेली चीनला, 2013 पासून बहुतेक गॅस तिकडेच वाहतोय. तत्त्वं राहू द्या बाजूला, निव्वळ व्यवहार म्हणून तरी हे जमलं का, हे कुणी विचारत नाही.

सू चींकडे बोट दाखवून वाद टाळणारेही आहेत, आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही कारण रोहिंग्या मुसलमानांवरच्या अत्याचारांच्या प्रकरणात 2019 ला हेगच्या कोर्टात म्यानमारचा बचाव करायला त्या स्वतः उभ्या होत्या. पण नदी ओलांडून आलेल्या बाईचा त्यात काय दोष?

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने जाहीर केलं, सगळ्या 1643 किलोमीटर सीमेवर कुंपण घालणार, ये-जा बंद. त्याच महिन्यात मिझोराम विधानसभेने ठराव केला, आम्हाला हे कुंपण मान्य नाही.