विश्वामित्री जिथे समुद्राला भेटते

(दृश्य: कमाटीबाग. म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा.)

बडोद्यात वाढलेल्या मराठी घरातलं पोर कधी ना कधी आजोबांचं बोट धरून या सांगाड्यापुढे उभं राहिलेलं असतं. हा निळा देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखात वाहून आला. इतका समुद्र आपल्याजवळ आहे! तरी दांडिया बाजारात विचारा, उत्तर येतं, "बडोद्याला कुठला आलाय समुद्र?"

याच बागेतून विश्वामित्री वाहते. ती पावागडाहून येते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. आपण पुलावरून टाकलेली पिशवीसुद्धा त्याच वाटेने जाते. किनाऱ्याचा आणि तिथल्या तिवरांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा, धडा बडोद्याच्या वर्गात शिकवायचा तो यासाठी.

(दृश्य: जंबुसर तालुक्याचा किनारा. ओहोटी. चिखलात उतरलेली मुलं.)

आखात आत निमुळतं होत जातं, म्हणून भरती इथे प्रचंड चढते. कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. अशा चिखलात पाय रोवून उभी राहतात ती तिवरं.

बाई म्हणतात, "पान चाटून बघा रे." खारट! मुळांनी ओढलेल्या खाऱ्या पाण्यातलं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळं श्वासासाठी असतात. ती तुडवायची नाहीत. त्यांच्या आडोशाला खेकडे, निवटे (चिखलातले छोटे मासे), कोळंबीची पिल्लं वाढतात. लाटांचा जोर मोडतो, काठाची माती धरली जाते. पुस्तकातलं हे सगळं इथे गुडघाभर चिखलात उभं राहून कळतं.

तिवरांच्या क्षेत्रात गुजरात देशात पश्चिम बंगालच्या खालोखाल आहे, पण त्यातली बहुतेक कच्छमध्ये. इथे ती नव्याने लावावी लागतात. पावसाळ्यात पिकलेलं बी चिखलाच्या उंचवट्यावर टोकतात. जागा चुकली की मेहनत वाया: भरती पोचली नाही तर रोप वाळतं, फार वेळ बुडालं तर मरतं. म्हणून लावणीआधी मुलं काठ्या रोवून पाणी कुठवर येतं ते बघतात. खरं सांगायचं तर फोटो काढून घेण्याच्या वृक्षारोपणापेक्षा ही काठी आम्हाला जास्त मोलाची वाटते.

पुढची राखण गावाकडे. गुरं, उंट कोवळी पानं खातात, त्यांना आवरायला रोजचा माणूस लागतो. त्यामुळे बडोद्याच्या मुलांइतकंच किनाऱ्यावरच्या शाळेतल्या मुलांना हे शिकवायला हवं. किती रोपं जगली, हे पुढच्या पावसाळ्यात तीच मोजतील आणि बडोद्याच्या वर्गाला कळवतील.