आग्नेय दिशेची छत्री
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : पूर्व भागातली गच्ची, सकाळ. खालून यंत्रमागांचा आवाज.]

सोलापूरचा पूर्व भाग. खाली माग चालू आहेत, वर गच्चीवर नवी छत्री, म्हणजे टीव्हीची डिश, चढतेय. या घरात आजी तेलुगू बोलते, सून अक्कलकोटकडची म्हणून कन्नडही बोलते, आणि पोरांचं सगळं मराठीत. तिघांनाही आपापल्या भाषेतला टीव्ही हवा, आणि तो महिन्याचं भाडं न भरता मिळू शकतो. मराठी सह्याद्री, कन्नड चंदना, तेलुगू यादगिरी आणि सप्तगिरी ही दूरदर्शनची चारही चॅनेल डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्याच मोफत डीटीएच सेवेवर आहेत. ही सेवा 2004 च्या डिसेंबरपासून सुरू आहे. आमच्या तीन भाषांच्या गावात ती घरोघरी असायला हवी होती.

2019 च्या फेब्रुवारीत केबल आणि डीटीएचचे नवे दर आले. नुसतं कनेक्शन चालू ठेवायचं म्हटलं तरी तेव्हा महिन्याला 130 रुपयांपर्यंत, त्यावर जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. पे चॅनेलचे पैसे वेगळे. फ्री डिशचा बॉक्स आणि छत्री एकदाच घ्यायची, दीड-दोन हजारांत काम होतं.

[दृश्य : फोनवरचा कंपास. मग छत्रीचं तोंड, जवळून.]

फ्री डिशचा सिग्नल ज्या उपग्रहावरून येतो, तो जीसॅट-15. तो 2015 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून अवकाशात गेला. आता विषुववृत्तावर, 93.5 अंश पूर्वेला, सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर आहे. सोलापुरातून तो आग्नेयेला दिसतो : कंपासवर साधारण 134 अंश, आणि क्षितिजापासून 61 अंश वर. छत्रीकडे पाहिलं तर ती एवढी वर बघतेय असं वाटत नाही. तिची बनावटच तिरकी असते, त्यामुळे सिग्नल वरून येतो आणि छत्री मात्र बरीच उभी दिसते. नवशिके इथेच चुकतात आणि तिचं तोंड आभाळाकडे करून बसतात.

आधी समोर बघून घ्या. आग्नेयेला शेजारच्याची पाण्याची टाकी किंवा नारळाचं झाड आडवं आलं, तर पुढची सगळी मेहनत फुकट.

[दृश्य : फिटर गच्चीवर, पोरगा खाली टीव्हीसमोर.]

"आलं का बे?"
"थांब, थांब... गेलं. जरा मागं घे... आलं, आलं!"

टीव्हीवर दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थची पट्टी छत्री कुठेही फिरवली तरी थोडीफार भरते, तिच्यावर जायचं नाही. बघायची ती क्वालिटीची. दोन-तीन अंश हुकले तर ती शून्यावर येते. मागावर तुटलेला धागा जोडताना बोटं जेवढी हलतात, तेवढीच इथे छत्री हलवायची. मग एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा, तिच्या पकडीत किंचित फिरवायची, पट्टी आणखी वर जाते. नट शेवटी आवळायचे, आणि आवळतानाही नजर पट्टीवरच ठेवायची.

[दृश्य : वायर सोलताना हात, अगदी जवळून.]

हे नीट बघा. मधली तांब्याची तार, भोवती पांढरा थर, त्यावर बारीक तारांची जाळी. एलएनबीला वीज याच वायरीतून वर जाते. जाळीची एक तार जरी मधल्या तारेला टेकली, तरी शॉर्ट. "टीव्हीच बिघडला" म्हणून दुकानात गेलेले कितीतरी टीव्ही मुळात धडधाकट असतात. जोरदार पावसात सिग्नल दबतो खरा, पण सोलापुरात असे दिवस थोडे. इथे त्रास उन्हाचा. वायरीचं प्लास्टिक तडकतं आणि पुढच्या सरीचं पाणी आत शिरतं, म्हणून कनेक्टरवर टेप घट्ट गुंडाळायची.

[दृश्य : आतली खोली. जुना कॉम्प्युटर, शेजारी व्हीएचएस कॅसेट.]

घरातलं स्ट्रीमिंगही असंच आपल्या हातात ठेवता येतं. जुन्या कॉम्प्युटरवर जेलीफिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलंय. लग्नाची कॅसेट, गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांचं चित्रण, सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घेतलंय. टीव्ही, फोन, कुठेही लावा, राउटर चालू असला की झालं, इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. जुन्या घरांच्या जाड भिंतींत 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय अडतं, म्हणून टीव्हीला सरळ लॅनची वायर दिलेली बरी.

क्रिकेटचं काय, हा प्रश्न हमखास येतो. 2007 च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी चॅनेलना दूरदर्शनबरोबर वाटून घ्यावंच लागतं, आणि ते फ्री डिशवर दिसतं. आयपीएल त्यात धरू नका. पे चॅनेलही येत नाहीत. केबलवाल्यांची गिऱ्हाइकं कमी होतात, त्या केबलवाल्यांतले काही आता ब्रॉडबँडच्या धंद्याकडे वळलेत.

[दृश्य : रिमोट, स्क्रीनवर चॅनेल स्कॅन.]

बॉक्स घेताना एमपीईजी-4 चाच मागा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा. जुन्या एमपीईजी-2 बॉक्सवर काही चॅनेल दिसतच नाहीत. खासगी चॅनेलच्या जागा लिलावात जातात, यादी बदलत राहते. एखादं चॅनेल गायब झालं तर छत्रीला हात लावू नका, आधी रिमोटवरून पुन्हा स्कॅन करा.