आधी राडारोड्याचा हिशेब, मग आराखडा

विद्यार्थी मित्रहो,

पुढचे चौदा दिवस तुम्ही युद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका वस्तीवर काम करणार आहात. नवं काही रेखाटायला हात शिवशिवत असतील, हे मला दिसतंय. तरीही पहिले चार दिवस एकाही नव्या इमारतीची रेघ कागदावर ओढायची नाही, असा या कार्यशाळेचा नियम आहे. तो का, हेच आज सांगायचं आहे.

सुरुवात पोलंडच्या राजधानीपासून, वॉर्सापासून करतो. १९४५च्या जानेवारीत तिथलं जुनं शहर म्हणजे विटांचे ढीग होते. ते पुन्हा उभं राहिलं आणि १९८०मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेलं. हे काम बेर्नार्दो बेलोत्तोच्या अठराव्या शतकातल्या चित्रांवरून झालं, असं नेहमी सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. चित्रावरून दर्शनी भाग कळतो. भिंतीची जाडी, जिन्याची जागा, तळघराची कमान कळत नाही. ती कळली वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात वास्तुकला शिकणाऱ्या मुलामुलींनी घरोघर फिरून घेतलेल्या मोजमापांवरून. ते नकाशे शहराबाहेर नेऊन प्योत्रकुव गावच्या मठात लपवून ठेवले होते, म्हणून वाचले. तुमच्याच वयाच्या लोकांनी फीत धरून घेतलेली मापं एका शहराच्या कामी आली. तेव्हा मोजणीला दुय्यम काम समजू नका.

आता राडारोड्याकडे वळू. एक साधी चार मजली इमारत घ्या: लांबी २० मीटर, रुंदी १२, उंची १२. बाहेरून मोजलेलं आकारमान २,८८० घनमीटर. ती पूर्ण कोसळली तर सैल ढिगारा साधारण त्याच्या एक तृतीयांश होतो, म्हणजे सुमारे ९५० घनमीटर. घनमीटरला १.२ टन धरले तर साडेअकराशे टनांच्या आसपास. दहा घनमीटरच्या ट्रकाला पंच्याण्णव खेपा. टाकण्याची जागा पंचवीस किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन पावणेपाच हजार किलोमीटर, आणि हे एका इमारतीचं झालं. इराकमधल्या मोसुल शहरातल्या राडारोड्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ८० लाख टनांच्या घरात मांडला होता. एवढा माल शहराबाहेर नेऊन टाकायचा आणि तेवढीच खडी, वाळू, वीट बाहेरून आणायची, याला कुणी शाश्वत म्हणू नये. मग छपरावर कितीही सौरपट्ट्या लावा.

म्हणून ढिगाऱ्याची प्रतवारी जागेवरच करायची. त्यालाही क्रम आहे. सगळ्यात आधी न फुटलेले बॉम्ब आणि सुरुंग काढणारी पथकं जातात. त्यांनी लेखी मोकळीक दिलेली नसेल त्या जागेत पाऊल टाकायचं नाही, ‘फक्त एक फोटो’ म्हणूनसुद्धा नाही. त्यानंतर ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे श्वासावाटे आत गेले की घातक ठरणाऱ्या तंतूंच्या खनिजाचा शोध. विसाव्या शतकातल्या इमारतींत छपराचे पन्हाळी पत्रे, नळांची आवरणं, काही फरशा यांत ते असतं. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा अख्खा पत्रा अलगद उतरवता येतो. तोच पत्रा यंत्राच्या दाढेखाली गेला की तंतू सगळ्या ढिगात मिसळतात आणि पूर्ण ढीग घातक कचरा ठरतो. ओला करा, हाताने उचला, जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधा, वेगळा ठेवा. हे सगळं उत्खनन यंत्र येण्याआधी व्हायला हवं.

ढिगाऱ्याखाली माणसं असू शकतात. अवशेष सापडले की काम थांबतं, जागा आखून घेतली जाते, ओळख पटवणारे लोक येतात आणि मगच पुढचं फावडं पडतं. वॉर्साच्या मुरानुव भागात नाझींनी उद्ध्वस्त केलेल्या ज्यू वस्तीच्या अवशेषांवरच नव्या इमारती उभ्या केल्या. काही घरं ढिगाऱ्याच्या उंचवट्यांवर आहेत, आणि विटांचा चुरा घालून केलेल्या काँक्रीटचे ठोकळे भिंतींत वापरले आहेत. साहित्याच्या पुनर्वापराचं ते मोठं उदाहरण आहे आणि ती एक कबरही आहे. तुमच्या नकाशावर या दोन्ही गोष्टींना जागा असली पाहिजे.

विटेचं भवितव्य तिच्या सांध्यावर ठरतं. चुन्यात रचलेली भिंत असेल तर वीट छिन्नीच्या हलक्या फटक्याने सुटते, घासली की पुन्हा वापरायला तयार. सिमेंटच्या कडक मसाल्यातली वीट सांध्याआधी स्वतःच फुटते. एका घनमीटर वीटकामात मापानुसार चारशे ते पाचशे विटा असतात. म्हणून इमारतींच्या पाहणीला लागताच प्रत्येक इमारतीच्या मसाल्याचा खडा उचला, त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाका, नखाने खरवडून बघा. फेस चुनखडीच्या वाळूलाही येतो, त्यामुळे एकट्या फेसावर निकाल देऊ नका. खरी परीक्षा म्हणजे चार विटा सोडवून पाहणं.

काँक्रीट दळून खडी करता येते. इथे मात्र सर्वांत जास्त फसगत होते. जुन्या काँक्रीटच्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, त्यामुळे ती नैसर्गिक खडीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते. नैसर्गिक खडीचं शोषण एक-दोन टक्के, हिचं चार ते आठ. कोरडीच मिक्सरमध्ये टाकली की मिश्रणातलं पाणी ओढून घेते, काँक्रीट हाताखालीच आखडतं, आणि मग कुणीतरी बादलीभर पाणी वाढवून त्याची ताकद घालवतं. आदल्या दिवशी खडी भिजवून ठेवा, वरचं पाणी निथळू द्या. सळई घातलेल्या कामात जाड खडीपैकी ३० टक्क्यांपर्यंत बदल हा सावध आकडा आहे. चार मिलिमीटरखालचा भुगा काँक्रीटमध्ये नकोच. भिंतीच्या आतल्या प्लास्टरमधला जिप्सम बहुतेक त्याच भुग्यात उतरतो. जिप्सममधलं सल्फेट आणि सिमेंटमधलं ॲल्युमिनेट ओलाव्यात एकत्र आले की फुगणारे स्फटिक बनतात आणि काँक्रीट आतून तडकतं. ही तड पहिल्या महिन्यात दिसत नाही, लोक राहायला आल्यावर दिसते. वीट-काँक्रीटचा मिश्र चुरा रस्त्याच्या थरात किंवा भरावात घाला, तिथे तो उत्तम चालतो.

आता उभ्या राहिलेल्या इमारती. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इमारत वाचवण्याची संधी एकदाच मिळते. स्फोट आत किंवा खालच्या मजल्यावर झाला तर हवेचा दाब स्लॅबला क्षणभर वर उचलतो. स्लॅबची मुख्य सळई दोन आधारांमधल्या गाळ्याच्या मध्यावर खालच्या बाजूला असते, वरच्या बाजूला बहुधा नसतेच. म्हणून खालून धडधाकट दिसणारी स्लॅब वरून मधोमध तडकलेली असते. फरशी उचलून पाहिल्याशिवाय ‘ठीक’ असा शेरा मारू नका. कारखान्यात ओतलेल्या मोठ्या तयार काँक्रीट पॅनेलांच्या इमारतीत नजर पॅनेलवर नको, सांध्यांवर हवी. पॅनेल अखंड आणि आतला वेल्ड तुटलेला, हे नेहमी आढळतं.

आगीचं वेगळं. बऱ्याच प्रकारच्या खडीच्या काँक्रीटला साधारण ३०० अंश सेल्सियसला गुलाबी छटा येते आणि तिथून ताकदीचा भरवसा कमी होत जातो. छिन्नीने थर काढत जा, गुलाबी रंग किती खोल गेला ते मिलिमीटरमध्ये लिहा. तो फक्त सळईवरच्या आवरणापुरता असेल तर आवरण काढून नवं चढवता येतं. ६०० अंशांच्या आसपास पोहोचलेलं काँक्रीट राखाडी-पांढुरकं, ठिसूळ होतं. ते काढून टाकायचं. रिबाउंड हातोड्याचे, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणाऱ्या उपकरणाचे, आकडे आगीनंतर दिशाभूल करतात. ते फक्त इमारतीचे भाग एकमेकांशी ताडून पाहायला वापरा, ताकद ठरवण्यासाठी काँक्रीटचा गोल नमुना (गाभा) कापून घ्या.

आणि छप्पर! शाबूत भिंतींची इमारत दोन हिवाळे उघडी राहिली की पाणी विटेत मुरतं, गोठतं, वीट पापुद्र्यांनी सुटते. लाकडी तुळयांची टोकं भिंतीत कुजतात. बॉम्बने न पाडलेली इमारत पाऊस पाडतो. पन्हाळी पत्र्याचं तात्पुरतं छप्पर, भिंतींच्या माथ्यावर चुन्याचा उतार, खिडक्यांना फळ्या आणि प्लास्टिकचा कागद हा पुनर्बांधणीतला सर्वांत स्वस्त खर्च आहे, आणि नेमका तोच ‘कायमचा आराखडा मंजूर होऊ दे’ म्हणून राहून जातो. तुमच्या प्रत्येक प्रस्तावात पहिल्या नव्वद दिवसांचं पान हवं, आणि त्यावर हेच असायला हवं.

जमिनीखाली काय उरलंय, तेही नकाशावर घ्या. वरची घरं जातात, पण सांडपाण्याच्या आणि पाण्याच्या नळ्यांचा बराच भाग टिकतो. रस्ते जुन्याच रेषेवर ठेवले तर तो वापरता येतो. अवजड यंत्रं कुठूनही फिरवली तर तोच चिरडला जातो. हिरोशिमात बॉम्ब पडल्यानंतर तिसऱ्या दिवशी ट्रामचा एक तुकडा सुरू झाला होता, कारण मार्गाचा काही भाग उरला होता. रस्ता सरळ करण्याचा मोह होईल तेव्हा हे आठवा.

जमिनीखाली नळ्या, तशी जमिनीवर मालकी. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधल्या ल हाव्र शहरात वास्तुकार ओग्युस्त पेरेने ६.२४ मीटरच्या चौकोनी जाळीवर अख्खं मध्यवर्ती शहर बसवलं, साचे पुन्हापुन्हा वापरता आले. पण ते शक्य झालं, कारण जुन्या प्लॉटचे हक्क नव्या इमारतींतल्या सामाईक मालकीत बदलले गेले. लेबनॉनमधल्या बैरुतच्या मध्यभागात यादवी युद्धानंतर, १९९४मध्ये स्थापन झालेल्या सोलिदेर कंपनीने मालक आणि भाडेकरूंना जागेच्या बदल्यात समभाग दिले. शहराचा मध्य चकाचक झाला, पण जुने लोक तिथे परतले नाहीत. तुमची रेघ ज्या प्लॉटवरून जाते त्याचा मालक, भाडेकरू, वारस कोण, हे ठाऊक नसेल तर ती रेघ तुटक काढा.

बोस्नियातल्या मोस्तारचा जुना पूल १९९३च्या नोव्हेंबरात युद्धात पडला आणि जुलै २००४मध्ये पुन्हा खुला झाला. मधल्या दशकात इस्तंबूलच्या इर्सिका या इस्लामी इतिहास आणि कलेच्या संशोधन संस्थेने तिथे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यशाळा घेतल्या, आणि त्यांचा भर एका पुलापुरता नव्हता, आजूबाजूच्या वस्तीवरही होता. नेरेत्वा नदीतून काढलेले दगड कमानीत पुन्हा बसवण्याजोगे नव्हते. नवा दगड त्याच जातीचा, तेनेलिया, जवळच्या खाणीतून काढला आणि लोखंडी पकडी शिसं ओतून बसवल्या. जुनं साहित्य वापरायचंच, असा हट्ट तिथे कामी आला नसता. कारागिरी मात्र कामी आली.

तर कामाची रीत अशी. गटात पाच जण, त्यात एक संरचना शिकणारा आणि एक त्या वस्तीची भाषा बोलणारा. पहिले दोन दिवस उपग्रहचित्रं, जुने नकाशे, रहिवाशांच्या आठवणी. रहिवाशांना विचारा, ऐका, पण ‘असं बांधून देऊ’ असं वचन देऊ नका. देणारे तुम्ही नाही. युद्ध चालू असलेल्या देशातली जागा असेल तर फोटोंवरची स्थाननोंद बंद ठेवा आणि काहीही समाजमाध्यमांवर टाकू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रत्येक इमारतीचा तक्ता: मसाला, आगीची खोली, सांधे, छप्पर, ढिगाऱ्याचे घनमीटर. पाचव्या दिवसापासून रेखाटन.

शेवटी तीन कागद हवेत: १:२०० प्रमाणात रस्त्याचा एक छेद, १:२० प्रमाणात भिंतीचा एक छेद, आणि कुठलं साहित्य कुठून किती येतं आणि कुठे जातं याचा टनांतला तक्ता. तिन्ही कागद तिथल्या लोकांच्या भाषेत लिहा. वस्तीच्या नकाशाची पहिली प्रत आता तुमच्या टेबलांवर ठेवलेली आहे. त्यावर अजून उत्तर दिशा दाखवलेली नाही, ती आधी दाखवा.