कोण, किती, कधीपर्यंत

नमस्कार मंडळी. चहा झाला असेल, धारा काढून झाल्या असतील, पोरं शाळेसाठी उठवली असतील, तर दहा मिनिटं रेडिओ जरा मोठा करा.

आजचा विषय आहे हातात घेतलेलं काम तडीस कसं न्यायचं. प्लॅनिंग, प्रोजेक्ट मॅनेजमेंट वगैरे म्हणतात ना, तेच. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि मला या विषयातलं जे काही कळलं ते एका उन्हाळ्यात डोंगरावर टिकाव मारताना कळलं. त्यातले तीन शब्द आधीच सांगून ठेवते, कारण मी ते पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कोण, किती, कधीपर्यंत. काम घराचं असो, गावाचं असो, आधी हे लिहा. कोण करणार, किती करणार, कधीपर्यंत करणार.

तर गोष्ट २०१८ सालची. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा तुम्हाला आठवत असेल, पाणी अडवायची कामं श्रमदानानं कोणतं गाव जास्त करतं त्याची, ८ एप्रिल ते २२ मे, मोजून ४५ दिवस. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला धो धो कोसळतो आणि आमच्या माणला ढग नुसते वरून निघून जातात. मी ज्या गावात तेव्हा नोकरीला होते त्या गावानं स्पर्धेत भाग घेतला, पाच जण चार दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आले, आणि ७ तारखेच्या रात्री बारा वाजता मशाली घेऊन सगळं गाव डोंगरावर गेलं. हलगी वाजत होती, म्हाताऱ्या बायका कडेवर नातवंडं घेऊन आल्या होत्या. तीनशेच्या वर माणूस होता. नारळ फुटला, घोषणा झाल्या, टिकाव पडायला लागले.

(नारळावरून आठवलं म्हणून सांगते, माझं ठाम मत आहे की नारळ कामाच्या शेवटी फोडावा. सुरुवातीला फोडला की निम्म्या लोकांना वाटतं झालं आपलं काम, फोटो निघाला, चला घरी. शेवटी फोडायचा ठरवा, बघा किती माणसं शेवटपर्यंत थांबतात.)

पहिले दहा दिवस असंच चाललं. ज्याला जिथं जागा दिसेल तिथं तो खणतोय. कोणी खाली ओढ्याजवळ कारण तिथं सावली आहे, कोणी रस्त्याकडेला कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतं, पोरं तर मित्रांच्या मागं मागं. तीनशेची माणसं दीडशे झाली, दीडशेची नव्वद, पण घाम सगळ्यांचा खरा होता, कोणी कामचुकारपणा केला असं मी म्हणणार नाही. अकराव्या दिवशी अक्षय तृतीया होती, काम बंद होतं, म्हणून आम्ही पाच-सहा जण टेप घेऊन डोंगरावर गेलो आणि झालेलं काम मोजलं. दहा हजार मीटर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले, पाणी अडवणारे चर, खणायचे होते. झाले होते अकराशे.

खाली येऊन शाळेच्या व्हरांड्यात बसलो, कोणी बोलेना. सरपंच म्हणाले, जमायचं नाही बाई, जेवढं होईल तेवढं करू. तेव्हा पायरीवर बसलेल्या एका आक्का बोलल्या. पंचाहत्तरीच्या असतील, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला, माती उपसायला गेलेल्या, पुढं रोजगार हमीच्या कामावर कितीतरी वर्षं काढलेली. त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या टायमाला मुकादम आधी आखून द्यायचा, मग आमी खांदायचो. ज्याची त्याची चौकडी. तुमी कुनाला काय आखूनच न्हाई दिलं, मग मान्सानं यावं कशाला?"

मी खडू घेतला आणि तिथंच फळ्यावर गणित मांडलं. चौथीच्या पोरांना घालते तसलंच. राहिले ८९०० मीटर. दिवस राहिले ३४. आक्का म्हणाल्या, त्यातले शेवटचे पाच धरू नका, कोरे ठेवा, काय ना काय निघतंच. मग राहिले २९. भागिले, तर रोजचे ३०७ मीटर. आता चर असतो दोन फूट रुंद आणि फूटभर खोल, आमचा मुरूम कडक, सकाळी सहा ते नऊ एका माणसाचं तीन मीटर होतं. म्हणजे रोज १०३ माणसं. फक्त १०३! तीनशेची गरजच नव्हती. व्हरांड्यातल्या सगळ्यांचे चेहरे बदलले, कारण दहा हजार मीटर ऐकून छातीत धस्स होतं पण तीन मीटर कोणालाही जमतं.

मग शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर चुना मारून कोळशानं लिहून काढलं. अकरा टोळ्या, दहा-दहा माणसांच्या, म्हणजे सात माणसं कमी आली तरी चालतंय. प्रत्येक टोळीचा एक म्होरक्या, नावानिशी. त्याच्यापुढं आजचे मीटर, त्याच्यापुढं तारीख. कोण, किती, कधीपर्यंत. आणि सगळ्यात वर मोठ्या आकड्यात राहिलेले मीटर, जे रोज संध्याकाळी पुसून नवीन लिहायचे. ते पुसायचा मान शाळेतल्या पोरांना दिला होता, त्यावरून भांडणं व्हायची. व्हॉट्सअॅपचा ग्रुप होता की आमचा, पण त्यावर गुड मॉर्निंगची फुलं इतकी यायची की कामाचा मेसेज सापडायचा नाही. भिंत कशी, पाणी भरायला जाणारी बाईसुद्धा जाता-जाता वाचते, आणि आपल्या नवऱ्याच्या टोळीचं काय झालं ते तिला कळतं. आणि शाळेच्या भिंतींचं म्हणाल तर त्यावर वर्षानुवर्षं तेच सुविचार रंगवायचं आता थांबवायला हवं असं मला मनापासून वाटतं, पोरं ते वाचत नाहीत हो, त्यापेक्षा त्या भिंतीवर गावाचा पाऊस लिहा, विहिरींची पातळी लिहा, पोरं रोज येऊन बघतील.

असो. मोठ्या कामांत पण हेच असतं बरं का. कोकण रेल्वे घ्या. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, छोटे-मोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. १९९० साली काम सुरू झालं तेव्हा त्या कामाचे प्रमुख इंजिनिअर ई. श्रीधरन यांच्या टीमनं अख्ख्या मार्गाचे सात तुकडे पाडले, साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे, आणि प्रत्येक तुकड्याला एक चीफ इंजिनिअर. म्हणजे अकरा टोळ्या आणि अकरा म्होरकेच की. आणि तरीसुद्धा गोव्यात पेडण्याच्या बोगद्यानं दमवलंच, तिथली माती मऊ, ओली, खणलेलं पुन्हा ढासळायचं, आणि त्या असल्या जागांमुळं सगळी लाईन सुरू व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडलं. पुढं दिल्ली मेट्रोच्या साईटवर श्रीधरन यांनी उलटी घड्याळं लावली होती, किती दिवस राहिले ते दाखवणारी. वाचलं तेव्हा मला आमची कोळशाची भिंतच आठवली.

तर आमच्या डोंगरावर काय झालं ते राहिलंच. महिना होत आला होता, आकडा उतरत होता, गाव खुशीत. दोन टोळ्यांचं काम सगळ्यात भारी दिसायचं, चर कसे सुबक, काठ कापल्यासारखे. आक्का रोज काठी टेकत वर यायच्या, त्या दिवशी त्या चराजवळ उभ्या राहिल्या, डोळे बारीक करून बघितलं, आणि म्हणाल्या, "घागर वत बरं ह्यात." प्यायचं पाणी होतं हो ते, टँकरचं. पोरांना जिवावर आलं, पण ओतली. आणि पाणी सगळं एका टोकाला पळालं.

चर एका पातळीत आखायची ए फ्रेम बिघडली होती. तीन काठ्या असतात, ए अक्षरासारख्या बांधलेल्या, वरून सुतळीला दगड लोंबता, सुतळी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका लेव्हलला, तिथं फक्की टाकायची आणि पुढं सरकायचं. त्या फ्रेमच्या सांध्याची दोरी सैल झाली होती, एक पाय बोटभर सरकला होता. ते तपासायची पद्धत ट्रेनिंगमध्ये शिकवलेली होती, पाय उलटसुलट करून दोन्ही वेळा सुतळी त्याच खुणेवर येते का बघायचं, पण रोज सकाळी ते करायचं कोणी हे भिंतीवर लिहिलेलंच नव्हतं. तिथं 'कोण' राहून गेला. दोन टोळ्यांचं तीन दिवसांचं काम, १८० मीटर, चुकलेलं. आणि चुकलेला चर नसलेल्यापेक्षा वाईट, पाणी एका टोकाला जमतं, काठ फोडतं, आणि खालच्या चरांना पण घेऊन जातं.

कोणीतरी म्हणालं, राहू द्या, मोजायला येणाऱ्यांना काय कळतंय. तेव्हा त्या दोनपैकी एका टोळीचा म्होरक्या, बाविशीचा पोरगा, काही न बोलता खाली उतरला आणि फावड्यानं स्वतःचाच चर बुजवायला लागला. त्याच्या तळहाताचे फोड फुटलेले मला दिसत होते. मग बाकीच्या टोळ्या आपलं काम टाकून तिकडं आल्या. बुजवून, पुन्हा आखून, पुन्हा खणायला दीड दिवस गेला. त्यानंतर रोज सहा वाजता फ्रेम तपासायला एक नाव भिंतीवर चढलं.

तो दीड दिवस आला कुठून? त्या कोऱ्या पाचांतून. एक दिवस गावात मयत झाली म्हणून गेला, अर्धा वळवाच्या पावसानं घेतला, दीड या चुकीनं. तीन गेले, दोन उरले, आणि २० मेला सकाळी पोरांनी भिंतीवर शून्य काढलं. लग्नाचं घ्या, घराच्या स्लॅबचं घ्या, बचत गटाच्या ऑर्डरचं घ्या, शेवटचे चार दिवस कोरे ठेवाच. आळसाचे नाहीत ते, हिशोबातले आहेत. पुन्हा सांगते, शेवटचे दिवस कोरे ठेवा.

आमच्या गावाचा नंबर आला नाही. राज्यात पहिली आली ती आमच्याच तालुक्यातली टाकेवाडी, आणि त्यांनी जीव तोडून काम केलं होतं, आम्हाला आनंदच झाला.

जूनमध्ये एका रात्री पाऊस झाला. झोप कोणालाच नव्हती. उजाडायच्या आत अर्धं गाव डोंगरावर, चिखलानं चपला हातात. सगळे आधी त्या परत खणलेल्या चराकडंच गेले. आक्कांनी एका टोकाला काठी बुडवली, ओली खूण अंगठ्यानं धरली आणि पाण्याच्या कडेकडेनं चालत दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथं बुडवली. दोन्हीकडं वीतभर.